पाद्र्याच्या वहीतला मेंढपाळ

म्हातारा प्रेन्क खुर्चीवर बसला नाही. टोपीही न काढता त्यानं वकील ड्रांडेताईंच्या टेबलावर मूठ आपटली.

"माझी पोर म्रिका कोठडीत आहे. उद्या न्यायाधीशापुढं उभी करणार. आणि माझ्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगानं लिहून गेलंय, 'विकली गेलेली'. मी पुसलेलं नाही. ज्यानं लिहिलं त्यानंच येऊन पुसायचं!"

ताईंचा मदतनीस बार्धिल खिडकीबाहेर शकोद्रा शहराचा रस्ता बघू लागला. भिंत त्यानं रंगवली नव्हती. पण म्रिकाला विद्यापीठातून हाकला म्हणणाऱ्या अर्जावर त्याची भर चौकात केलेली सही होती, तीही पहिल्या दहांत.

प्रकरण सगळ्या अल्बानियाला पाठ होतं. ब्रेगमालच्या डोंगरी संग्रहालयाचे संचालक आर्तान यांना एका पाद्र्याची १९१३ सालची वही सापडली होती. एक मेंढपाळ पाद्र्याला इलिरियन शिलालेख दाखवतो आणि त्यातले शब्द आपल्या रोजच्या बोलीत समजावतो, असं त्या वहीत होतं. म्हणजे आपण इलिरियनांचेच वंशज, रोमनांच्याही आधीपासून इथले! लोक रस्त्यावर नाचले. आर्तान यांनी मजकूर वर्तमानपत्रात छापला. वहीचा फोटो मात्र कुणाला काढू दिला नाही. भाषेची अभ्यासक म्रिका एवढंच म्हणाली, आधी शाई तपासा. तपासनीस बुधवारी यायचे होते. मंगळवारी म्रिका संग्रहालयात येऊन गेली आणि त्याच दिवशी वही तिथल्या शेगडीत जळाली.

"त्या मेंढपाळाचं नाव माझंच, बार्धिल," ब्रेगमालकडं गाडी चालवताना बार्धिल फणफणला. "त्याच्या मुलीचं तेउता. शंभर वर्षांमागं! असली वही जाळणाऱ्या बाईसाठी आपण पेट्रोल जाळतोय, ताई."

"तुझ्या आजोबांचं नाव काय रे?"

"न्द्रेका."

"पणजोबांचं?"

"पाल. मध्येच हे काय?"

"काही नाही. वळण बघ."

संग्रहालयाच्या अंगणात पन्नासेक माणसं झेंडे घेऊन उभी होती, बरीचशी बार्धिलच्या ओळखीची. दारावरचा पहारेकरी लाझेर त्यांच्यापेक्षा जास्त तापलेला.

"देशाचा इतिहास सांभाळतो मी, आणि मला सरपण मिळत नाही! मंगळवारी लाकडाची गाडी आली दुपारी बाराला. तोवर अख्ख्या इमारतीत काडी नव्हती. बोटं वाकेनात, किल्ली फिरेना. मग लाकडं आत टाकली आणि गेलो घरी जेवायला."

"म्रिका कधी गेली?"

"पावणेअकराच्या गाडीनं. मीच थांबवली गाडी. तेव्हा कुठं माहीत होतं, काय करून चाललीय!"

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा आत कोण होतं?"

"साहेब. दुसरं कोण असणार?"

ताई शेगडीपुढं उकिडव्या बसल्या. पोलिसांनी मोहोर लावलेली राख फौजदारानं नाखुशीनं उघडून दिली. ताईंनी पेन्सिलीनं ती हळूहळू उकरली. वर कातडी पुठ्ठ्याचा करपलेला तुकडा, खाली ओकच्या लाकडाचे कोळसे.

"आणखी काय शोधताय?" दारातून आर्तान कडाडले. पन्नाशी न गाठलेला, देखणा, रडून डोळे सुजलेला माणूस. "अकराला मी खोलीत शिरलो. खोली उबदार, कातडं जळल्याचा वास, आणि ती नुकतीच निघून गेलेली. आमची मुळंच जाळली तिनं!"

"मग आरडाओरडा दीडला का केलात?"

"आधी समजलंच नाही. नंतर शेगडी उघडली."

ताईंनी फौजदाराला म्रिकाला आणायला सांगितलं. ती आली ती बेड्यांसह. अंगणातून कुणीतरी थुंकलं होतं. बाही ओली होती.

"तुम्ही जाळली?" ताईंनी विचारलं.

"मी? तपासणीसाठी सहा अर्ज मी केले. जाळायचीच होती तर तपासायला कशाला सांगू?"

"हेच तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही," ताई वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण बार्धिल एक पाऊल मागं सरला. "सगळे संतापण्यात गुंतलेले. फौजदार, वही पेटली ती जळत्या लाकडांवर. कोळसे खाली, पुठ्ठा वर. लाकडं आली बाराला. म्रिका गेली पावणेअकराला. मग अकराला ही खोली उबदार कशानं होती, संचालकसाहेब? भाषणांनी?"

आर्तान यांनी शेगडीकडं पाठ फिरवली.

"बारानंतर आत तुम्ही एकटे होतात. दुसऱ्या दिवशी शाई तपासली जाणार होती, आणि शाई होती नवी."

"काय पुरावा?"

"हा उभा आहे ना," ताईंनी बार्धिलकडं बोट केलं. "घराण्याच्या रीतीनं याचं नाव पाल असायचं, पणजोबांचं. पण याच्या जन्मावेळच्या कम्युनिस्ट सरकारनं चर्चना कुलपं ठोकली, संतांची नावं बंद केली आणि नोंदणी कचेरीत बार्धिल, तेउता असल्या इलिरियन राजाराण्यांच्या नावांची यादी धाडली. तुमच्या वर्गात चार बार्धिल असतील, पाच तेउता. तुम्हाला वाटलं, ही नावं या डोंगराएवढीच जुनी. अहो, १९१३ साली इथल्या कॅथलिक मेंढपाळाचं नाव पाल असायचं, प्रेन्क, न्द्रेका! तुमच्या पाद्र्यानं ज्याला गाठलं, तो जन्मला सत्तर सालानंतर."

बार्धिलच्या कानशिलांना आग लागली. आपल्या नावाचा मेंढपाळ त्यानं चार महिने गावभर मिरवला होता.

आर्तान खुर्चीत कोसळले. "पण गोष्ट खरीच आहे! आपण इलिरियनच आहोत. कागद नव्हता, एवढंच. मी फक्त—"

"गप्प बसा!" म्रिका ओरडली. बेड्या खणखणल्या. "असूही आपण इलिरियन! कोण नाही म्हणतं? कुणी आपल्याला प्राचीन थ्रेशियनांचे वंशज म्हणतात, कुणी आणखी काही. बारा वर्षं मी असाच एक कागद शोधतेय. तुमची वही खरी निघाली असती तर मी तिच्यापुढं गुडघे टेकले असते. आता उद्या खरा शिलालेख सापडला तरी जग हसेल. म्हणेल, अल्बानियनांनी आणखी एक लिहिला. ते जळालं त्या शेगडीत. ते तुम्ही जाळलंत!"

फौजदारानं तिच्या बेड्या काढल्या आणि त्याच आर्तान यांच्या मनगटांत अडकवल्या.

बार्धिल पुढं झाला. "बाई, त्या अर्जावर माझी सही होती. माफ करा."

म्रिकानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "बंद खोलीत नको. सही चौकात केली होतीस ना? माफीही तिथंच माग."

त्यानं ताईंकडं बघितलं. त्या हातमोजे चढवत होत्या.

तो पायरीवर आला. झेंडे हलले. "बार्धिल, बोल! कबूल केलं का तिनं?"

"तिनं काही केलेलं नाही," तो ओरडला. "वही खोटी होती. साहेबांनी लिहिली, साहेबांनीच जाळली. आणि ज्यांनी तिला हाकला म्हणून सह्या केल्या, त्यांतला एक मी!"

मागून शिवी आली, आणि तिच्यापाठोपाठ गोठलेल्या मातीचं ढेकूळ. ते खांद्यावर बसलं. बार्धिलनं खांदा झटकला, आणि आणखी मोठ्यानं पहिल्यापासून सांगायला लागला.