चुन्याला माणूस लागतो

"भिंतींचं पीठ होतंय, डॉक्टर!" उदयन राजाध्यक्षांनी पांढऱ्या भुकटीची पिशवी प्रयोगशाळेच्या टेबलावर आपटली. "समुद्राकडच्या माझ्या तीसही फ्लॅटमध्ये. आणि मागच्या बाजूला ती गाववाली मंडळी राहतात, तिथे साधा ओरखडा नाही. हा काय चावटपणा आहे?"

वैजयंती शिवलकरने भुकटी चिमटीत धरली. या भिंतींचा जीवचुना तिनेच घडवला होता, रत्नागिरीच्या याच प्रयोगशाळेत. त्याच्या सगळ्या खोड्या तिला पाठ होत्या.

"तुमच्या फ्लॅटमध्ये राहतं कोण?"

"कोणी नाही. भाव चढेपर्यंत कुलूप."

"मग उपाशी मेला बिचारा."

तिचे सहकारी डॉ. रांगणेकर समजावू लागले. "चुन्यात आम्ही जिवाणू पेरलेत, साहेब. माणसाच्या उच्छ्वासातला वायू आणि ओल खाऊन ते दगड घडवतात, तडे बुजवतात. म्हणून तर घर इतकं स्वस्त पडतं. माणूस नसला, की ते मरतात आणि चुना भुसभुशीत होतो."

सरकारने जमीन देताना अट घातली होती, अर्धी घरं गावातल्या कष्टकऱ्यांना. त्यातलं एक वैजयंतीच्या भावाला मिळालं. भाऊ एसटीवर चालक, वहिनी सुगंधा कोळंबीच्या कारखान्यात. पर्यटकांचा हंगाम आला की आधीचा घरमालक त्यांना दरवर्षी बाहेर काढायचा आणि तीच खोली दुप्पट भाड्याने द्यायचा. या घरात शिरताना वहिनीने हळदीचे तळवे भिंतीवर थापले आणि ओक्साबोक्शी रडली. पण घराचे कागद अजून राजाध्यक्षांच्याच कपाटात होते, आणि त्या कागदांचं वजन त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"तोडगा काढा," ते म्हणाले. "नाहीतर मागच्या तीस घरांचे कागद होणार नाहीत."

"बंद घरात श्वासयंत्र बसवता येईल," वैजयंती म्हणाली. "दिवसभर दमट वायू सोडेल. पण आधी ऐका. चुन्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. माणूस वावरतो तिथे तळहाताच्या घामाचं मीठ भिंतीला लागतं, तिथे तो वाढायचा थांबतो. वहिनीच्या घरी जा, हाताचे थापे तसेच आहेत आणि भोवतीची भिंत वर आलीय. तुमच्या बंद घरात हात लावणार कोण?"

"मिठाचं पाणी फवारू."

"मग जिवाणू मरतील. माणसाच्या घामाएवढंच मीठ हवं, तेही रोज."

"तुम्ही शास्त्रज्ञ फार घाबरट!" राजाध्यक्ष हसले आणि यंत्रं बसवून मोकळे झाले.

पावसाळा सरल्यावर ते गिऱ्हाईक घेऊन आले. किल्ली फिरली, पण दार हलेना. मजुरांनी दार उखडलं, तर आत पांढरा दगड, जमिनीपासून छतापर्यंत. बैठकीची खोली नाही, खिडकी नाही, समुद्र तर नाहीच. गिऱ्हाइकाने विचारलं, "चटईक्षेत्र किती म्हणालात?"

यंत्र चालू ठेवलं तर दगड, बंद केलं तर भुकटी. त्याच संध्याकाळी राजाध्यक्ष मागच्या अंगणात आले. वैजयंती भावाकडेच बसली होती. सगळी बिऱ्हाडं खाली उतरली.

"आम्ही दगड फोडून घेतो," ते म्हणाले. "तुम्ही समोर, समुद्राकडे राहायला चला, रखवालदार म्हणून. पगार देईन. तुमची ही घरं मी विकतो. गिऱ्हाईक आलं की समोरचीही सोडायची."

"आणि आमचे कागद?" सुगंधाने विचारलं.

"कागदांचं विसरा. पटत नसेल तर उद्याच खाली करा."

"उद्या कशाला?" सुगंधा पदर खोचून उठली. "आत्ताच करते की!"

वैजयंतीने तिचा हात धरला. "वहिनी, अगं, घर मरेल! पंधरवड्यात भुगा होईल. हे तुला पहिल्यांदा मिळालंय."

"मिळालंय कुठे, वन्सं? कागद त्याच्याकडे आहेत. पडलं तर त्याचं पडेल. दुसऱ्याच्या भिंतीला मी फुकट श्वास का घालू?" हे बोलत ती हात सोडवून घराकडे चालू लागली.

तीसही घरांनी भांडीकुंडी उचलली आणि समोरच्या वाळूत ताडपत्र्या ठोकल्या. बाजारात लोक त्याला श्वासबंद म्हणू लागले. वैजयंती रोज भिंती तपासायला जायची. आठव्या दिवशी वहिनीच्या थाप्यांची बोटं झडली. तिने ते येऊन सांगितलं, तेव्हा वहिनी पाठ करून भात ढवळत राहिली. नंतर हळूच म्हणाली, "हात माझेच आहेत ना? पुन्हा थापीन."

राजाध्यक्षांनी बाहेरून भाडेकरू आणायला पाहिलं. पण हंगाम संपला की बाहेर काढणार, हे कळल्यावर कोण येतंय? मजूर म्हणाले, राहतो, पण कागद आमच्या नावावर करा. बाराव्या दिवशी जिना खचला आणि राजाध्यक्ष वाळूतून धापा टाकत आले. काखेत तीस घरांचे कागद होते.

"साठ," सुगंधा म्हणाली.

"काय?"

"समोरचीसुद्धा. कारखान्यातल्या बायका वाट बघतायत, नर्सा आहेत, खलाशी आहेत. बांधकामाला लागले तेवढे पैसे देतील. दगड फोडून दिलात, की श्वास आणि हात त्यांचे. तुम्हाला आता दुसरं गिऱ्हाईक मिळणारे का?"

राजाध्यक्षांनी वैजयंतीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "चुना मी बनवला, साहेब. त्याला माणूसच लागतो. मी तरी काय करणार?"

त्यांनी कपाटातून उरलेले तीस कागदही मागवले आणि वाकून, गुडघ्यावर ठेवून सह्या केल्या. शेवटच्या सहीशी मात्र ते थांबले. सर्वांत वरचा, समुद्रासमोरचा कोपऱ्यातला फ्लॅट होता तो.

"हा एवढा एक," ते पडेल आवाजात म्हणाले, "माझ्या नावावर राहू दे."

सुगंधाने हसून त्यांच्यासाठी चटई झटकली.

"घ्या ना! फक्त स्वतः तिथे राहायला या."