करीच्या दिवशीचा सवाल

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या दुपारी पावसाची भुरभुर चालू होती. एक तरुण मच्छिंद्रनानाच्या हॉटेलात शिरला आणि बाकावर न बसता सरळ भट्टीपाशी आला. शर्टाच्या आत त्यानं काहीतरी पोटाशी धरलं होतं. भट्टीवर नानाची लेक दैवशाला चहा उकळत होती.

"थोडा विस्तव मिळंल का?"

"बिडी बाहेर ओढायची."

"बिडी न्हाई... डफ हाय." त्यानं शर्टातून डफ काढला. "सादळून गेलाय. बोललाच न्हाई तर आष्टीवाल्यांची इज्जत जाईल."

दैवशालानं डफ त्याच्या हातातून काढूनच घेतला आणि निखाऱ्यांवर लांबून फिरवायला लागली. जपून, जाळाल... असं तो पुटपुटला.

"आजवर भाकर जळली न्हाई माझ्या हातची," ती म्हणाली. "डफ तर लांबच राह्यला."

त्याचं नाव आदिनाथ. डफ तापला, चहा संपला, तरी गडी काही हलेना. शेवटी त्यानं स्वतः रचलेला ताजा सवाल तिला घातला. पोळ्याच्या दिवशी महादेव कशावर बसून फिरतो? तिनं बराच विचार केला आणि हार मानली. तो हसत म्हणाला, पायीच फिरतो, नंदीला त्या दिवशी सुट्टी असते! दैवशाला इतकी हसली की मागं दूध उतू गेलं.

वडीगोद्रीच्या हमरस्त्यावरच्या या हॉटेलात पोळ्याचे तीन दिवस गाण्याचा फड बसतो. मागच्या पत्र्याच्या शेडात एका सतरंजीवर वडीगोद्रीचे गायक, समोरच्या सतरंजीवर आष्टीचे. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, जो अडेल त्यानं आपला डफ समोरच्यापुढं ठेवायचा, आणि पुढच्या पोळ्यापर्यंत त्याच्या गावानं गायचं नाही, वाजवायचं नाही. रीत म्हणजे रीत, तिथं नात्यागोत्याचंही चालत नाही.

दैवशाला लहानपणापासून भट्टीमागं उभी राहून मनातल्या मनात उत्तरं देत आली होती. यंदा सतरंजीवर बसायचंच, असं तिनं आषाढातच जाहीर केलं होतं. नानानं तिला तातेरावांकडं धाडलं, कारण वडीगोद्रीच्या गायकांचे म्होरके ते. तातेराव म्हणाले, बाईमाणसानं चहा करावा, तुझा चहा चांगला असतो. तिनं ऐकून घेतलं आणि मनातला बेत काही सोडला नाही.

पोळ्याच्या दिवशी आदिनाथ चार वेळा चहाला आला. एवढा चहा कोणी पीत नाही, हे तिलाही कळत होतं. साखर बरोबर आहे का, असं ती विचारायची आणि तो म्हणायचा... अजून एक कप घेतल्याशिवाय कसं सांगू?

करीच्या संध्याकाळी त्याच आदिनाथच्या सवालावर तातेराव अडले. खोकले, पाणी प्याले, पुन्हा खोकले. त्यांचा हात डफाकडं जाणार, तोच दारातून सुरात उत्तर आलं. ओढणीला हात पुसत दैवशाला आत आली आणि सतरंजीवर मांडी घालून बसली.

"बस आता," तातेराव दबक्या आवाजात म्हणाले. "पन डफ गेला तर पुन्हा इथं कोनी बाई बसायची न्हाई. ध्यानात ठेव."

आता सवाल तिचा होता. तिनं समोर पाहिलं, आदिनाथ तिच्याकडंच बघत होता... आणि दावं सुटलेल्या बैलांसारखे तिच्या डोक्यातले सगळे सवाल पळाले. जिभेवर आला तो एकच, त्याचाच, महादेवाचा. गाऊन झाल्यावर तिनं जीभ चावली.

आदिनाथनं मान खाली घातली. बराच वेळ डफावर नुसती बोटं फिरवली, मग "अडलो" म्हणाला आणि डफ तिच्यापुढं ठेवला.

शेड दणाणून गेलं. तातेरावांनी टोपी उडवली. दैवशालाची मात्र कानशिलं तापली. तिच्यासाठी हा गडी वर्षभराचं गाणं सोडायला निघाला होता, हे तिला कळलं. आणि तिला रागच आला. इतकी वर्षं ज्या जागेसाठी ती झुरली, ती काय अशी भिकेत घ्यायची? तिनं डफ उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"ह्यांला उत्तर येतंय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "सवालच ह्यांचा हाय. गाऊन सांगा आता."

"वरीसभर गप राहीन मी... चालंल मला," तो हळूच म्हणाला.

"मला न्हाई चालायचं. मला तुमचा आवाज ऐकायचाय."

मग तो गायला. आणि त्याच दमात त्यानं नवा सवाल टाकला, खरा, अवघड, कसलीही सूट न देता. दैवशालानं दोनदा सूर धरला, दोनदा सोडला. उत्तर काही सापडेना. शेवटी तिनं वडीगोद्रीचा डफ उचलून त्याच्यापुढं ठेवला. डोळे मात्र भरून आले होते.

तातेराव भडकले. घरी चालून आलेली लक्ष्मी हिनं लाथाडली, म्हणून त्यांनी आख्ख्या शेडाला सुनावलं. बोलून दमले तेव्हा दैवशालाकडं वळले.

"डफ हिनं घालवला," ते म्हणाले. "पुढच्या पोळ्याला हिनंच परत आनायचा. दुसरं कोनी बसायचं न्हाई."

आष्टीवाल्यांची जीप सुरू झाली, तेव्हा आदिनाथ दोन्ही डफ काखेत मारून भट्टीपाशी आला. दसऱ्याला घरच्यांना नानाकडं धाडू का, असं त्यानं विचारलं. दसऱ्यापर्यंत कशाला थांबायचं, असं तिनं विचारलं. भट्टीचा जाळ नसता तर तिचा चेहरा का लाल झाला, हे लपवणं अवघड गेलं असतं.

"एकच अडचण हाय," तो म्हणाला. "पुढच्या पोळ्याला मंग... तुम्ही कोन्या सतरंजीवर बसनार?"

"वडीगोद्रीच्याच," दैवशाला म्हणाली. "आष्टीला नांदायला आले तरी."