तीन टनांची पेटी

गेम सेंटरमधल्या बाकीच्या खुर्च्या भरलेल्या होत्या, केवळ म्हणून एक तरुण शिओरी अकुत्सुच्या शेजारी बसला. खेळ महाकाय यंत्रमानवांचा, दोघांविरुद्ध दोघांचा. यंत्राने त्यांना एकाच संघात टाकले आणि ते जिंकले. त्याने वळून मान लववली. जपानमधल्या सेंदाई शहराच्या डिसेंबरने त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद केल्या होत्या. शिओरीने त्या पाहिल्या… आणि लगेच नजर पडद्याकडे वळवली.

शिओरी वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करी. पुराव्यावाचून ती हवामानाच्या अंदाजावरही विसंबत नसे. प्रत्येक यंत्रमानवाला साठ टनांची मर्यादा असे. तोफा, चिलखत, पाय, सारे त्यातच बसवायचे. तिने आपली जुळणी टनाच्या दशांशापर्यंत तोलली होती. त्यामुळेच त्या तरुणाने, नाओया मिझोगुचीने, वागवलेली तीन टनांची पेटी तिला खुपली. ही दुरुस्तीची पेटी फक्त जोडीदाराच्या यंत्रावर चाले. वाहणाऱ्याला तिचा कागदावर काडीइतकाही लाभ नव्हता.

खेळाडूंनी एकमेकांना निरोप लिहावेत म्हणून जिन्यापाशी एक वही टांगलेली होती. शिओरीने लिहिले, “मिझोगुची-सान, ती पेटी काढा. वेग सात टक्क्यांनी वाढेल.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आले, “अकुत्सु-सान, इतक्या घाईनं मी जाऊ कुठं? शेजारची खुर्ची तर इथंच आहे.”

शिओरीने ते तीनदा वाचले. पडताळणीसाठी.

महिनाभर ते खेळत राहिले. मग त्याने वहीत विचारले, रविवारच्या जोडी-स्पर्धेत माझ्याबरोबर उतराल? तिने होकार दिला. अट एकच, पेटी काढायची. त्याने निमूटपणे काढली.

सरावाच्या दहा लढतींपैकी आठ ते हरले.

“चूक माझीच असणार,” नाओया म्हणाला. “तुम्ही दुसरा जोडीदार बघा. उद्या सहाला नोंदणी बंद होते, त्याआधी येऊन मी नाव काढून घेतो.”

तो गेल्यावर शिओरीने जुन्या लढतींची चित्रणे पडद्यावर लावली. तिचे यंत्र कोसळायच्या बेतात येई, तोच त्याचे जड यंत्र लंगडत जवळ येई, पेटी उघडे, तिचे चिलखत पुन्हा सांधले जाई. एकदा नव्हे, तेवीसदा. तिची नजर त्या वेळी शत्रूवर असे. टिकल्याचे श्रेय ती आपल्या गणिताला देऊन मोकळी होई. तिने त्याचे यंत्र एकटे तोलले होते, आपलेही एकटेच. मापनातली इतकी ढोबळ चूक तिने प्रयोगशाळेत कुणाला माफ केली नसती.

शनिवारी साडेपाचला तो आला. दाराशी तिने स्पर्धेसाठी भरलेला आपल्या जुळणीचा अर्ज त्याच्या हाती ठेवला.

“हे काय? तुमची क्षेपणास्त्रं कुठं गेली?”

“काढली. तिथं पेटी बसवली.”

“अहो, मारा कमी होईल!”

“अकरा टक्के.”

“आणि हे शास्त्रात बसतं?”

“नाही… पण तेवीस वेळा तुम्ही मला उभं केलंत, मिझोगुची-सान. मी एकदाही आभार मानले नाहीत. उलट पेटी काढा म्हणून भांडले.”

नाओयाने अर्ज वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. आता थंडी तर दाराबाहेर होती.

“मग मीही माझी परत घेतो,” तो म्हणाला. “म्हणजे सहा टन वाया.”

“वाया नाहीत,” शिओरी म्हणाली—आणि जरा जास्तच घाईने म्हणाली.

“फक्त रविवारपुरतं ना हे?”

“एका रविवारवरून निष्कर्ष काढता येत नाही. निरीक्षणं पुष्कळ लागतील.”

“किती?”

“तुम्हाला… सवड किती आहे?”

त्याने दारातल्या पेयविक्रीच्या यंत्रातून मक्याच्या गरम सूपचे दोन डबे काढले आणि एक तिच्या गार हातांत ठेवला. आपला हात मात्र काढून घ्यायला विसरला.

रविवारी ते दुसऱ्याच फेरीत हरले. वहीत शिओरीच्या नेटक्या अक्षरात नोंद आहे: “पराभव. कारण: मारा अपुरा, पाय संथ. जुळणीत बदल: काहीही नाही. आभारी आहे.”