तरंगचं काय करायचं?

मूल गावाहून ब्रह्मपुरीला निघालेल्या काळीपिवळी जीपमध्ये एक उंच तरुण पुनमशेजारी दाटीवाटीनं बसला आणि फोनवर म्हणाला, "तरंग संपला, सर. दोन दिवसांत अहवाल देतो."

पुनमनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तरंग म्हणजे वेब ॲप बांधायचा वीस वर्षांपूर्वीचा प्लॅटफॉर्म. नव्या पोरांनी तो कधीच सोडला होता. पण साठ मच्छीमार सोसायट्या तलावात सोडायची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिलं, पुनमनं त्यावरच बांधलेल्या ॲपवरून मागवत. तिचे वडील इस्तारीभाऊसुद्धा.

"संपलेल्यासाठी एवढ्या दूर काऊन येऊन राह्यले तुमी?" तिनं विचारलं.

तो दचकला... मग हसला. गालावर खळी पडली, आणि पुनमनं घाईनं बाहेर धानाच्या हिरव्या बांध्यांकडे पाहिलं.

तो भद्रावतीचा प्रफुल्ल. मच्छीमार संघानं सल्ल्यासाठी बोलावलेला. संघाच्या ऑफिसात तिच्याच टेबलासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

दिवसभर दोघं भांडली. उद्या तरंगच्या सुरक्षेत भोक पडलं तर बुजवणार कोण, असं त्याचं म्हणणं. पुनमनं सांगितलं की जगभरातली चाळीसेक माणसं तरंग सांभाळतात, त्यांची नवी आवृत्ती याच महिन्यात आली आहे, आणि आपण अख्खं ॲप तिच्यावर चढवूनही ठेवलं आहे. बोलताना तिचे डोळे असे चमकत होते, की प्रफुल्ल पुढचा प्रश्नच विसरला. शेवटी म्हणाला, उद्याची मागणी नव्यावर घ्या. चाललं तर तसंच लिहीन.

सकाळी दहाला मागणी उघडली, आणि पडद्यावर तलावांच्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. पुनमनं लगेच कोड उघडला. प्रफुल्ल तिच्या खांद्यावरून वाकला. चूक दोघांना एकदमच दिसली — अक्षरांची जुनी सेटिंग तशीच राहिली होती. दोघांची बोटं एकाच ओळीवर टेकली... आणि क्षणभर कुणीच हलवली नाहीत.

तिनं ओळ बदलली. एकेक तलाव आपल्या नावानं पडद्यावर आला. साडेदहापर्यंत साठही सोसायट्यांची मागणी नोंदली गेली. आनंदात पुनमनं त्याचा हात घट्ट धरला, आणि मग भानावर येऊन सोडला.

दुपारी त्यानं अहवाल तिच्यापुढे ठेवला. तरंग ठेवावा, नव्या आवृत्तीवर न्यावा. मात्र सांभाळायला एक नाही, दोन माणसं हवीत. दुसऱ्या माणसाच्या जागी त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"माह्यावर दया करून राह्यले का?"

"नाई," तो हळूच म्हणाला. "मले इथी राहाचं आहे. तरंगसाठी... आन तुमच्यासाठी. तुमी नाई म्हटलं, तर नाव खोडतो."

पुनमनं कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"रविवारी बाबा तलावात बोटुकली सोडणार आहेत. डोंग्यात बसाले येता का?"

"मले पोहता नाई येत."

"मंग माह्याजवळ बस," ती म्हणाली. 'तुमी' कुठं गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही.