कलशात नुसत्या सुपाऱ्या

कलशावरचं लाल फडकं सुटलं आणि टेबलावर सुपाऱ्या घरंगळल्या. नुसत्या सुपाऱ्या. हळकुंड एकही नाही.

"दॅट्स इम्पॉसिबल," ईश्वरी म्हणाली. "मी स्वतः हळकुंड टाकलंय."

अमिरातीतल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष निवडायचा, तर आधी प्रत्येक अमिरातीत प्राथमिक फेरी होते. पहिली अजमानची, आणि इथे हरलेला पुढे उभा राहत नाही असा शिरस्ता. चिठ्ठ्या-शिक्क्यांची भानगड नाही. पडद्याआड दोन ताटं आणि मध्ये तांब्याचा कलश. विद्यमान अध्यक्ष हवे तर सुपारी टाकायची, नवा माणूस हवा तर हळकुंड. वासुदेवराव सामंत इतकी वर्षं अध्यक्ष होते की मंडळाला दुसरं नाव सुचेनासं झालं होतं. यंदा मात्र शारजात वाढलेली, बँकेत काम करणारी ईश्वरी त्यांच्यासमोर उभी राहिली होती.

मतमोजणी पुरी होईपर्यंत हॉलचं दार बंद. किल्ली निरीक्षकाकडे, आणि निरीक्षक परगावचा. यंदा अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीहून मंजुषाताई आल्या होत्या. विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम, त्यामुळे माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास मुळातच बेताचा.

"ताई, दार उघडा ना. खलास झालं सगळं," मागून कोणीतरी म्हणालं.

"झालेलं नाही. बसा."

वासुदेवराव लालबुंद झाले होते. पडद्यापाशी पहारा मिथुनचा होता, आणि मिथुन हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत त्यांच्याच हाताखाली काम करत होता.

"माझं भलं करायला गेलास आणि मला तोंडावर पाडलंस," ते म्हणाले. "उद्यापासून कामावर येऊ नकोस. व्हिसा कॅन्सल करून टाकतो."

"साहेब, मी काही केलं नाही. मुलीची दहावी आहे."

"मग आधी विचार करायचा."

वर्षाच्या मध्येच देश सोडायचा म्हणजे मुलीची परीक्षा गेली. मंजुषाताईंना त्याची दया आली, पण त्यांनी आवाज कोरडाच ठेवला.

"हळकुंड टाकलेल्यांनी हात वर करा."

ईश्वरीचा हात वर गेला. मिथुनचा हात खिशातून जरासा निघाला आणि परत आत गेला. बाकीचे जमिनीकडे बघत राहिले. कोणाची नोकरी वासुदेवरावांनी लावलेली, कोणाचा फ्लॅट त्यांच्या ओळखीचा. अडला हरी!

"कलशाला हात कोणाचा लागला?"

"फक्त मिथुनचा," चारपाच जण एकदम बोलले.

"मतदान संपल्यावर?"

"मग नेहमीची पूजा," बायकोकडे हात करत वासुदेवराव म्हणाले. "हिने आत देवापाशी नेला, नारळ ठेवून हळदकुंकू वाहिलं, फडकं बांधून बाहेर आणला. त्याला काय हात लावणं म्हणतात?"

आभावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कोपऱ्यात लाडवांचा मोठा स्टीलचा डबा मांडीशी धरून बसल्या होत्या. तो डबा त्यांनी पूजेच्या वेळी देवापाशीही नेला होता. दार उघडत नाही म्हटल्यावर कोणीतरी चिडून म्हणालं, "यल्ला, चला वहिनी, लाडू तरी फिरवा."

"निकालाआधी प्रसाद वाटत नाहीत," त्या म्हणाल्या.

मंजुषाताईंनी रिकामा कलश उचलून फिरवला. त्यावर कुंकवाची पाच बोटं सरळ, एकसारखी ओढलेली होती आणि पार वाळली होती.

"ईश्वरी, कलश आव्हान देणाऱ्यानं सजवायचा असतो ना?"

"येस. सकाळी इथेच केला. आय जस्ट पुट डॉट्स, ऑल अराउंड."

"बोटं ओढली नाहीस?"

"कसली बोटं?"

"ठिपकेच होते," मिथुन हळूच म्हणाला. "मला वाटलं, नवी फॅशन असेल."

"ही बोटं पार वाळलीत, म्हणजे आत्ता पूजेत ओढलेली नाहीत. हा तो कलशच नाही," मंजुषाताई म्हणाल्या. "हा आधीच सुपाऱ्या भरून, सजवून घरून आला. ज्या हातानं सजवला त्याला कलश चुकीचा सजवताच येत नाही. लबाडी करतानाही त्यानं पाच बोटं नीट ओढली. इथे ईश्वरीनं ठिपके काढलेत, हे त्या हाताला ठाऊक नव्हतं."

"पण मला जिंकवायला इतका खटाटोप कोण करेल?" वासुदेवरावांनी विचारलं.

"जिंकवायला नाहीच. जिंकवायचं असतं तर मूठभर हळकुंडं आत ठेवली असती. ही लबाडी पकडली जावी म्हणूनच केलेली आहे."

"म्हणजे ईश्वरी!"

"तिला बोटं ओढणं माहीतच नाही. मिथुन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. कलश डोळ्यांआड गेला तो एकदाच, पूजेला. पूजेवर कोणी लक्ष ठेवत नाही. आणि दार बंद आहे, तेव्हा खरा कलश इथेच आहे. वहिनी, डबा उघडा."

आभावहिनींनी डबा आणखी जवळ ओढला. वासुदेवराव हसायला गेले, पण बायकोचं तोंड बघून थांबले. मग वहिनींनीच झाकण काढलं. लाडवांच्या थराखाली ठिपक्यांचा कलश होता.

"मिथुनवर येईल असं वाटलं नव्हतं मला," त्या म्हणाल्या. "यांच्यावर यायला हवं होतं. सांगलीला घर बांधून कुलूप लावून ठेवलंय. माझी सगळी माणसं तिकडे. दर निवडणुकीला म्हणतात, ही शेवटची. विचारलं की म्हणतात, लोक सोडत नाहीत. म्हटलं, मग लोकांनीच हाकलू दे एकदा."

खरा कलश टेबलावर पालथा केला. मोजायची गरजच पडली नाही. हळकुंडांचा ढीग झाला आणि सुपाऱ्या बाजूला थोड्याशा उरल्या. वहिनींनी काही केलं नसतं तरी वासुदेवराव आज हरलेच होते. ते कळलं आणि त्या तोंडाला पदर लावून रडू लागल्या.

"मिथुन," मंजुषाताईंनी विचारलं, "हात वर का नाही केलास?"

"केला असता तरी नोकरी जात होती, नाही केला तरी जात होती." त्यानं वासुदेवरावांकडे पाहिलं. "यातलं एक हळकुंड माझं आहे, साहेब."

वासुदेवरावांनी ढिगातलं एक हळकुंड उचललं आणि परत ठेवलं.

"मुलीची परीक्षा कधी संपते?"

"मार्चमध्ये."

"तोवर मी कंपनीत आहे. तू नेहमीसारखा कामावर ये. पुढे माझ्या जागी येईल त्याला तुझ्याबद्दल सांगून जाईन." मग ते बायकोकडे वळले. "मार्चपर्यंत थांबशील?"

आभावहिनींनी डोळे पुसले.

"थांबेन. पण तारीख आत्ता सांगा. इथे, सगळ्यांसमोर."

वासुदेवरावांनी तारीख सांगितली. मंजुषाताईंनी पर्समधून किल्ली काढली आणि दार उघडलं.