बटणांचं दुकान आणि तेवीस सेकंद

“तुमचं दुकान सापडलं, पण वेबसाइट अजून यायचीय.”

दारात उभा राहून तो पहिलं वाक्य बोलला ते हे. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने कोट पोटाशी धरलेला... मधलं बटण गायब.

“म्हणजे?” मी विचारलं.

“कोपऱ्यावर उभा राहून तुमचं पान उघडायला घेतलं. म्हटलं, असं बटण आहे का बघू. मग पाटी दिसली, रस्ता ओलांडला, पायरी चढलो – आणि हे बघा!”

पांढऱ्या पडद्यावर बिचारं वर्तुळ एकटंच गरगरत होतं. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

“आमच्याकडे घाईची गिऱ्हाइकं येत नाहीत,” मी म्हटलं.

“येत असतील हो. बाहेरूनच परत जात असतील.”

हे मात्र लागलं, कारण ते खरं होतं. आसपासचे शिंपी एकेक करून काम थांबवत होते आणि लांबून मागणी पाठवणाऱ्यांवरच दुकान तगून होतं. त्याच आठवड्यात नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, “तुमचं पान काही उघडेना गं, म्हणून बटणं दुसरीकडून घेतली.” आत्याला मी हे सांगितलंच नव्हतं. दुकान तिचं. काका, म्हणजे तिचे यजमान, तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच.

“आधी बटण बघ त्यांचं,” आत्या आतून ओरडली. “भांडण नंतर कर!”

मी गर्द तपकिरी, चार भोकांचं बटण काढलं. “कोट काढा, लावून देते.”

“काढला असता... पण आत शर्टाचंही एक गेलंय.”

मग काय, तसंच लावावं लागलं. तो श्वास रोखून छताकडे बघत राहिला. एरवी मी दोरा दातानेच तोडते. त्या दिवशी मात्र कात्री शोधायला गेले.

निघताना त्याने सांगितलं, छोट्या दुकानांची पानं लवकर उघडावीत, हेच त्याचं काम. आत्या लगेच म्हणाली, “मग आमचं बघा की!”

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन हजर. खणांच्या दोन कपाटांमध्ये स्टूल टाकून बसला आणि त्याने पहिल्यांदा वेळ मोजली. तेवीस सेकंद! आत्याने त्याचं नावच पाडलं – सेकंदवाले.

“फोटो कोणी काढलेत?”

“मी. का?”

“सुंदर आहेत. पण एकेक बटण भिंतीएवढं आहे. आणि साडेअकराशे बटणं एकदम दारात येऊन उभी राहतात. गिऱ्हाइकाने शिरायचं कुठून?”

“मग काय, रांग लावणार त्यांची?”

“अगदी तेच. अंगाने बारीक करायची, आणि समोर दिसतात तेवढीच आधी आणायची. बाकीची, गिऱ्हाईक खाली सरकेल तशी.”

“आणि ती फुलपाखरं?” माझ्या चुलतभावाने हौसेने पानभर फुलपाखरं उडवली होती.

“त्यांना सोडून देऊ,” तो गंभीरपणे म्हणाला. “बिचारी दमली असतील.”

रोज सकाळी तो यायचा. तेवीसचे सतरा झाले, सतराचे अकरा. आकडा उतरला की मान वर करून माझ्याकडे बघायचा, आणि मी घाईघाईने कुठला तरी खण उघडायची. त्या आठवड्यात मी किती खण उगाच उघडले... विचारू नका.

मग एका सकाळी आत्या फोन हातात धरून बसलेली दिसली. दुकान उघडण्याआधी ती रोज आमचं पान उघडायची. पानाच्या माथ्यावर काकांची छोटी फिल्म आपोआप सुरू व्हायची. शिंपल्याचं बटण उजेडात धरून ते कोणत्या कपड्याला शोभेल ते सांगायचे आणि शेवटी स्वतःच हसायचे.

“आज लवकर उघडलं गं,” आत्या म्हणाली. “पण... हे कुठे गेले?”

तेवढ्यात तो आला, चेहरा फुललेला. “चार सेकंद!”

“फिल्म कुठे आहे?”

“काढली. सगळ्यात जड तीच होती. आणि ती कोण बघतंय–”

“आत्या बघते. रोज. ते काका आहेत माझे.” माझा आवाज चढला. “एकदा विचारावंसंही वाटलं नाही तुम्हाला?”

त्याचा चेहरा उतरला. त्याने वाद घातला नाही. आत्यासमोर जाऊन म्हणाला, “चुकलं माझं. विचारायला हवं होतं. फिल्म माझ्याकडे जशीच्या तशी आहे. संध्याकाळपर्यंत वेळ द्याल?”

आत्याने नुसती मान डोलावली. दिवसभर तो खाली मान घालून बसला, एक चेष्टेचा शब्द नाही. दुकान इतकं सुनं वाटलं, की मला त्याचा राग होता की माझाच, तेच कळेना.

संध्याकाळी त्याने आत्याच्या हातात फोन दिला. पान झटकन उघडलं. माथ्यावर काका, बटण उजेडात धरून... पण स्थिर.

“हा नुसता फोटो आहे. यावर बोट ठेवलंत की बोलायला लागतील. तोवर गप्प बसतील, म्हणून पान अडत नाही.”

आत्याने बोट ठेवलं. काका बोलले, हसले. तिने पुन्हा बोट ठेवलं.

“मी सांगितल्यावर बोलतात, नाहीतर गप्प,” डोळे पुसत ती हसली. “अख्ख्या संसारात हे जमलं नव्हतं हो मला!”

आम्ही तिघंही हसलो. मग मी हळूच विचारलं, “किती?”

“दोनला जरा कमी.”

चारच दिवसांत पोशाखवाल्या बाईंची मागणी आली – साडेतीनशे बटणं. मी आत्याला सगळं सांगितलं, आधीचंही. ती रागावली, मग तिने मला जवळ घेतलं.

तो मात्र येतच राहिला. एका दुपारी बाहेर भुरभुर चालू होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

“आज काय कमी करणार?” मी विचारलं.

“आज... सेकंदाचा दहावा भाग.”

“तो कोणाला कळणार?”

“कोणालाच नाही.” त्याने लॅपटॉप मिटला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “खरं सांगू? काम त्या संध्याकाळीच संपलं. त्यानंतर नऊ दिवस मी उगाच येतोय. म्हणजे... उगाच नाही. तुम्ही मला फार आवडता.”

“नऊ नाही, अकरा!” आतून आत्या. “आणि मी काही ऐकत नाहीये!”

मला हसू आवरेना. तो तसाच उभा, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

“उद्या दुकान बंद असतं,” मी शेवटी म्हटलं.

“माहीत आहे,” तो पडेल आवाजात म्हणाला.

“मग उद्या ये. लॅपटॉप घरी ठेवून.”

‘या’चं ‘ये’ कधी झालं, माझं मलाच कळलं नाही. त्याला मात्र लगेच कळलं.

“येतो,” तो म्हणाला. “तू म्हणशील तेव्हा.”