शून्य गुणांची गल्ली

बाहेर बारीक पाऊस पडत होता आणि दारात एक तरुण उभा होता. एका हातात ठिबकणारी छत्री, दुसऱ्या हातानं नाकावरचा चष्मा घट्ट धरलेला. हात सोडला की डावी काच खाली येणार, अशी अवस्था.

"चष्म्याची दुरुस्ती इथंच होते ना?" त्यानं भिंतीला विचारलं.

"होते. पण मी इकडे बसलेय."

तो गर्रकन वळला. "माफ करा हं. स्क्रू पडलाय कुठंतरी."

"कुठं पडला?"

"ते दिसलं असतं तर उचलला नसता का मी?"

ती हसली. सगळी गल्ली तिला चष्मेवाली म्हणत असे. तिचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि काचांनी भरलेलं कपाट. ही जागा पूर्वी एक रिकामं गोदाम होती. गल्लीतल्या दुकानदारांच्या विकास संस्थेनं ते घेतलं, लाकडी फळ्या ठोकून त्याचे सहा गाळे केले आणि नव्यानं धंदा सुरू करणाऱ्यांना थोड्या भाड्यात दिले. तीन वर्षं इथं शिकायचं, जम बसवायचा आणि मग गल्लीत स्वतःचं दुकान थाटायचं, अशी ती पद्धत. गोदामाचा खर्च महापालिकेच्या निधीतून चाले. चष्मेवालीचं हे दुसरं वर्ष होतं.

तिनं चिमट्यानं तांदळाच्या कणीपेक्षाही लहान स्क्रू उचलला. तो समोर स्टुलावर बसून राहिला, डोळे बारीक करून, लहान मुलासारखा.

"एवढं काय बघताय?"

"बघतोय कुठं? तुमच्या जागी मला एक पिवळा ठिपका दिसतोय."

"ओढणी आहे ती."

"छान आहे… ठिपका."

तिनं चष्मा त्याच्या नाकावर चढवला आणि काड्या कानामागे नीट बसवल्या. हे ती दिवसातून वीस वेळा करत असे. आज मात्र बोटं जरा रेंगाळली.

"आता दिसतंय?"

"हो…" तो म्हणाला, आणि नको तितका वेळ बघत राहिला. तिनं उगाचच टेबलावरचे स्क्रू नीट लावायला घेतले.

"तुमची गल्ली चांगली चालते हो," तो बाहेर बघत म्हणाला.

"आज बघून घ्या. उद्या मरणार आहे ती."

"म्हणजे?"

झालं. तिच्या रागाला वाट मिळाली. "उद्या महापालिकेचा पाहणीवाला येतोय. त्याच्या फॉर्मात प्रत्येक बंद दुकानाला दोन गुण आहेत. उघड्या दुकानाला शून्य! तीस गुण झाले तरच संस्थेला निधी. तीन वर्षांपूर्वी इथं वीस दुकानं बंद होती, म्हणून निधी मिळाला. आम्ही राबराब राबून त्यातली अकरा उघडली. आता बंद आहेत फक्त नऊ. म्हणजे किती गुण झाले?"

"अठरा."

"नापास! काम केलं म्हणून नापास! झोपून राहिलो असतो तर पास झालो असतो. म्हणून आत्यानं ठरवलंय… माझी आत्या संस्थेची अध्यक्ष आहे. त्या अकरा दुकानांनी आणि या गोदामानं उद्या शटर पाडून गप्प बसायचं. ज्यानं तो फॉर्म काढला ना, त्याला एकदा माझ्यासमोर बसवा. डोळेच तपासते त्याचे."

तरुणाचा चेहरा उतरला. तो उठला, छत्री उलटी धरली, मग सुलटी केली. "हे… तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"छे! तुम्हाला म्हणून सांगितलं. तुम्ही काय, रस्त्यानं जाणारे."

"उद्या येईन मी," तो दारातून म्हणाला.

"अहो, उद्या बंद म्हटलं ना!"

"हो. म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गोदामाचं शटर खाली होतं. बाकीच्या गाळेवाल्यांनी सुट्टी घेतली होती. चष्मेवाली एकटी आत बसून एका आजोबांची काच घासत होती. त्यांना संध्याकाळी चष्मा हवाच होता. बाहेरून आत्याचा आवाज आला. आत्या एरवी बटणं आणि दोरे विकते आणि तिचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचतो. आज तो आवाज पार रडवेला झाला होता.

"काय सांगू साहेब, गिऱ्हाईकच राहिलं नाही…"

चष्मेवालीनं शटरच्या फटीतून पाहिलं. आत्याशेजारी एक माणूस फाईल घेऊन उभा होता. त्याच्या नाकावर तिनंच काल बसवलेला चष्मा होता.

आपणच सांगितलं. आपल्याच तोंडानं!

"मला जरा पाणी मिळेल का?" तो आत्याला म्हणाला. आत्या पाणी आणायला गेली, तसा तो शटरजवळ वाकला.

"आत आहात का?"

"नाही."

"बरं. मग त्या आत नसलेल्या बाईंना सांगा, मला काल सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

"त्या बाई म्हणतात, लाज वाटायला हवी होती."

"वाटतेय." त्यानं फाईल मिटली. "ऐका… मी सगळं बंद लिहितो. मी काही ऐकलेलं नाही. तुमचं गोदाम वाचेल."

तिनं काच खाली ठेवली. खरं तर तिनं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण तिला संताप आला.

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिणार? माझ्यावर उपकार म्हणून?"

"उपकार नाही हो… मला वाटलं…"

"काय वाटलं? त्या अकरा दुकानांत सायकलवाले काका आहेत. साठाव्या वर्षी त्यांनी पुन्हा कुलूप काढलं. दोन महिने आम्ही गंज घासत होतो. आणि आज तेच काका आत अंधारात बसलेत, श्वास धरून, चोरासारखे! आणि तुम्ही ते कागदावर पक्कं करणार?"

"फॉर्म मी काढलेला नाही."

"पेन तर तुमच्याच हातात आहे ना?"

खडखडाट करत शटर वर गेलं. ती समोर उभी होती, हातावर काचेची पांढरी पूड, डोळ्यांत पाणी आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

"लिहा. दुकान उघडं. माणूस आत. काम चालू."

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं?" आत्या पाण्याचा पेला घेऊन धावत आली.

"आत्या, आपण जिवंत दुकानं पुरतोय गं. ह्यांचा निधी मेलेल्यांसाठीच असेल तर आपण मरून दाखवायचं का दर वर्षी?"

आत्यानं पेला स्वतःच पिऊन टाकला. तिनं फाईलकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, मग पलीकडच्या शटरवर मूठ हाणली. "सायकलवाले! उठा! आता नाटक बंद!"

आतून काही आवाज आला नाही. काका खरोखरच झोपले होते. त्यांना उठवेपर्यंत बाकीची दहा शटरं वर गेली होती, आणि भर पावसात गल्लीत ठाकठूक सुरू झाली.

पाहणीवाल्यानं खरं तेच लिहिलं. बंद नऊ. गुण अठरा. खाली शेऱ्याच्या रकान्यात त्यानं तीन पानं जोडली: कोणतं दुकान कधी उघडलं, कुणी उघडलं, त्यासाठी संस्थेनं काय केलं.

पुढच्या आठवड्यात निधी समितीपुढे आत्या आणि चष्मेवाली उभ्या राहिल्या. मोठे साहेब मृदू आवाजात म्हणाले, "अहो, दुकानं चालू आहेत. म्हणजे तुम्हाला मदतीची गरज उरलेली नाही. आनंदाची गोष्ट आहे!"

"साहेब, मूल वाचायला लागलं म्हणून कुणी शाळा बंद करतं का?" चष्मेवालीनं विचारलं. "अजून नऊ दुकानं बंद आहेत. ती कोण उघडणार?"

"शेऱ्याला गुण नसतात," साहेब म्हणाले, आणि ती तीन पानं न वाचताच उलटली.

निधी मिळाला नाही.

महिनाअखेरीस गोदाम रिकामं होऊ लागलं. गल्लीनं एक केलं, सहाही गाळेवाल्यांना आपापल्या दुकानांत कोपरे दिले. चष्मेवालीचं टेबल आत्याच्या बटणांशेजारी गेलं. पण पुढच्या वर्षी नव्यानं येणाऱ्या पोरांना कोपरे कुठून आणायचे? ह्या प्रश्नानं ती दिवसभर धुमसत होती. दातओठ खात ती आत्याच्या दुकानात आपलं कपाट ढकलत होती, तेवढ्यात कपाट अचानक हलकं झालं. पलीकडच्या बाजूनं त्यानं उचललं होतं.

"पाहणीला आलात?" तिनं कपाटाआडूनच विचारलं.

"नाही. तुमची गल्ली मी सोडली."

कपाट धप्पकन खाली बसलं. "सोडली म्हणजे?"

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिनं वाचला. या भागाच्या पाहणीतून आपल्याला मुक्त करावं, असा त्याचा अर्ज होता. कारण: 'सदर गल्लीच्या बाबतीत मी तटस्थ राहू शकत नाही.' त्याखाली साहेबांचा लाल शेरा होता: 'कारण मोघम आहे. स्पष्ट करावे.'

"मग?" ती कागदावरून नजर न हलवता म्हणाली. "केलं स्पष्ट?"

"साहेबांना कसं सांगू? आधी तुम्हाला सांगायला हवं ना…"

"काय?"

"की मी… त्या दिवशी दुकानं मोजत होतो आणि लक्ष सगळं एकाच शटरकडे होतं. की तुम्ही रागावता तेव्हा मला वाटतं, आपणही असंच रागवायला शिकावं. की मला तुम्ही आवडता. झालं. आता ह्याहून स्पष्ट मला येत नाही."

तिचे कान तापले. बाहेर सायकलवाले काका कुणाची तरी घंटी वाजवून बघत होते.

"अगं, उत्तर दे त्याला!" बटणांच्या खोक्यांमागून आत्या ओरडली. "का ह्यासाठीही त्याला अर्ज करायला लावतेस?"

चष्मेवालीनं कागदाची घडी घातली आणि स्वतःच्याच खिशात ठेवली.

"पुढच्या वर्षी पाहणीला कोण येईल?" तिनं विचारलं.

"येईल दुसरा कुणीतरी. तोच फॉर्म घेऊन."

"येऊ दे." तिनं कपाटाची एक बाजू धरली आणि डोळ्यांनीच त्याला दुसरी दाखवली. "तोवर फॉर्म बदलून घ्यायचा आहे. उद्या सकाळी दहा वाजता साहेबांच्या दारात जायचं. आपण दोघांनी."

"दोघांनी?" त्यानं हळूच विचारलं.

"दोघांनी म्हटलं ना! उचला आता."